पडलेल्या चिमणीचे नाव

पावसाळा सरला, की आमच्या धर्मग्रामांत सहलींचे बेत सुरू होतात. पूर्वी ह्या सहली देवस्थानांच्या किंवा किल्ल्यांच्या असत. अलीकडे त्यांत निसर्गसहल, पक्षीनिरीक्षण, किनारा-सफाई, वृक्षारोपण असे प्रकार आले आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु सहलीहून परतलेल्या मुलाला आई विचारते, “काय पाहिलंस?” आणि मूल सांगते, “खूप मजा आली.” आईचा प्रश्न अनुत्तरित राहतो, व तो तसा राहिला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूल बाहेर जाते, बसमध्ये गाणी म्हणते, झाडाखाली डबा खाते, वक्त्याचे भाषण ऐकते व घरी येते. ह्या साऱ्यातून पर्यावरणाची जाण कशी उत्पन्न होते, आणि कित्येकदा ती का उत्पन्न होत नाही, हा प्रश्न घेऊन आम्ही एक जुने पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले. त्याचा परिचय व थोडी चिकित्सा येथे करावयाची आहे.

हे पुस्तक म्हणजे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली ह्यांचे आत्मचरित्र, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. ते मूळ इंग्रजीत असून १९८५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा लेखकाचे वय नव्वदीच्या घरात होते. १८९६ साली मुंबईत जन्मलेले सलीम अली १९८७ साली निवर्तले. त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे १९४१ सालचे पुस्तक हाती धरून भारतातील कित्येक पिढ्या पक्षी ओळखावयास शिकल्या. आत्मचरित्र मात्र त्या मानाने कमी वाचले गेले असावे, असे आम्हांस वाटते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारी मुले आहेत, त्यांनी ते घरात ठेवावे एवढे त्याचे मोल निश्चित आहे.

पुस्तकाचे नाव ऐकताच ख्रिस्ती वाचकाच्या मनात शुभवर्तमान जागे होते. मत्तयच्या दहाव्या अध्यायात दोन चिमण्या एका नाण्याला विकल्या जातात, आणि तरीही त्यांतील एकही पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, असे प्रभू सांगतो. लूकच्या बाराव्या अध्यायात हिशेब थोडा वेगळा आहे. तेथे दोन नाण्यांना पाच चिमण्या मिळतात. म्हणजे पाचवी चिमणी वरकड, फुकट. बाजारात जिला किंमतच नाही अशी ती पाचवी चिमणीही देवाच्या विस्मरणात जात नाही. ह्या ओळींवर आम्ही अनेक प्रवचने केली आहेत. प्रत्येक प्रवचनात आम्ही चिमणी चटकन सोडून माणसाकडे वळलो, हे आता कबूल केले पाहिजे. माणूस चिमण्यांहून अधिक मोलाचा, हा प्रभूचा निष्कर्ष आम्ही सांगितला. परंतु तो निष्कर्ष उभा राहतो तो चिमणीलाही मोल आहे ह्या गृहीतावर, ते सांगावयाचे राहून गेले.

सलीम अलींच्या पुस्तकातील चिमणी पडते ती देवाच्या दृष्टीखाली असेलच. पण तिला पाडणारा हात लेखकाचा स्वतःचा आहे. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा गिरगावातील खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी ह्यांच्या घरी वाढला. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हाती हवेची बंदूक आली, आणि घराच्या आसपासच्या चिमण्या तिचे लक्ष्य झाल्या. १९०८ च्या सुमारास त्याने अशीच एक चिमणी पाडली. उचलून पाहतो, तर तिच्या गळ्याशी पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग कोणती? मुलाने मामाला विचारले. मामालाही सांगता येईना. त्याने चिठ्ठी लिहून दिली व भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद कार्यवाह डब्ल्यू. एस. मिलार्ड ह्यांच्याकडे धाडले.

ह्या भेटीचे वर्णन ही आमच्या मते साऱ्या पुस्तकातील सर्वांत मौल्यवान पाने होत. एक भारतीय पोर, इंग्रजांचा तो काळ, हातात कागदात गुंडाळलेला मेलेला पक्षी, आणि समोर एक प्रतिष्ठित इंग्रज गृहस्थ. मिलार्डसाहेबांनी पक्षी पाहिला व त्याचे नाव सांगितले : पिवळ्या गळ्याची रानचिमणी. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मुलाला संस्थेचा संग्रह दाखविला, एकामागून एक खण उघडून भुसा भरलेले पक्षी त्याच्यापुढे ठेवले, वाचावयास पुस्तके दिली, आणि पक्षी जतन करण्याची विद्या शिकावयाची असेल तर ये, असे सांगितले. पुढच्या ऐंशी वर्षांचे बीज त्या दुपारी पडले. लेखक ते कृतज्ञतेने, परंतु कसलाही गहिवर न आणता सांगतो. त्याच्या शैलीचा हा मोठा गुण आहे. प्रसंग मोठा असला, की त्याचा आवाज लहान होतो.

ही पाने वाचताना आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. कारण असाच एक मुलगा आमच्याही दाराशी आला होता. गुरुदीक्षा होऊन आम्हांला तेव्हा दोन-तीन वर्षेच झाली होती. सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही वस्त्रागारात असताना दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा दाराशी उभा राहिला. खिशातून गलोलीचा रबर लोंबत होता. ओंजळीत एक इवलासा पक्षी होता. पाठ गर्द निळी, छाती नारिंगी. गावच्या बावखलाच्या काठी त्याने तो पाडला होता. “फादर, ह्याचं नाव काय?” असे त्याने विचारले. नाव आम्हांला ठाऊक नव्हते. ‘मला ठाऊक नाही’ ही तीन शब्दांची कबुली देण्याऐवजी आम्ही त्याला पाचव्या आज्ञेवर चांगले दहा मिनिटे सुनावले. मुक्या जिवाची हत्या, देवाची निर्मिती, पाप, पश्चात्ताप. बोललो त्यात खोटे काही नव्हते. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला व निघून गेला. पुन्हा त्याने आम्हांला काही विचारले नाही.

गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, निर्मितीच्या वृत्तान्तावर निबंध लिहिले. दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलात दोन गोष्टी एकदमच होत्या : एक क्रौर्य आणि एक जिज्ञासा. आम्ही क्रौर्य पाहिले. मिलार्डसाहेबांनी जिज्ञासा पाहिली. त्यांनी क्रौर्याकडे डोळेझाक केली, असा आरोप कोणी करील. परंतु जिज्ञासेला खाद्य मिळाले म्हणून तो हात पुढे पक्ष्यांच्या रक्षणाकडे वळला, हा इतिहास आहे. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचावे, भरतपूरची पाणथळ राहावी, म्हणून वृद्धापकाळी सत्ताधाऱ्यांकडे शब्द टाकणारे सलीम अली आणि चिमण्या मारणारा तो पोर ही एकच व्यक्ती होय.

पुस्तकात दुसरा एक प्रसंग आहे, तो शिक्षकांनी अवश्य वाचावा. १९०६-०७ च्या सुमारास ह्याच मुलाने घरातील एका चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्यास. मुलाने नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला. तोही मारला, तिसरा आला. सात दिवसांत आठ नर. वाचताना अंगावर काटा येतो. परंतु त्याने हे सारे वहीत टिपून ठेवले. लिहिताना ती शिकाऱ्याची फुशारकी होती. पुढे तीच नोंद पक्ष्यांच्या वर्तनाचे निरीक्षण म्हणून अर्थपूर्ण ठरली, हे लेखक स्वतःच सांगतो. सहलीला गेलेल्या मुलाच्या हाती वही का असावी, ह्याचे उत्तर येथे मिळते. आपण काय पाहिले, हे पाहण्याच्या क्षणी आपल्याला कळतेच असे नाही. लिहून ठेवले, तर कधीतरी कळते.

आमच्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागा पुस्तकात आहे. ब्रह्मदेशातून १९१७ साली मुंबईस परतल्यावर सलीम अली व्यापारी शिक्षणासाठी दावर महाविद्यालयात दाखल झाले. त्यांचा खरा ओढा ओळखला तो सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांनी. हे स्विस धर्मगुरू स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या आग्रहावरून सलीम अली सकाळी दावरमध्ये हिशेब शिकत व नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे वर्ग करीत. ब्लॅटर ह्यांच्या नावाचा वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह झेवियर्समध्ये आजही आहे. योगायोग असा, की भारतातील सुंदर वृक्षांवरचे एक प्रसिद्ध पुस्तक ब्लॅटर आणि मिलार्ड ह्या दोघांच्या नावे निघालेले आहे. एका मुलाला दार उघडून देणारे दोघे गृहस्थ एकाच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भेटतात, ह्याचे आम्हांला मोठे अप्रूप वाटते.

ही परंपरा पुढेही चालली. स्पेनमधून आलेले येशूसंघीय फादर सांतापाव ह्यांनी खंडाळ्याच्या डोंगरांतील वनस्पतींची सूची सिद्ध केली. ते पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले, व १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पायी हिंडून, पान तोडून, दाबून, नाव लावून ठेवणे हे काम ह्या धर्मगुरूंनी आपल्या पाचारणाशी विसंगत मानले नाही. आपल्याकडे निसर्गशिक्षण म्हणजे अलीकडचे काही नवे खूळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा वारसा ध्यानी घ्यावा.

१९२६ साली सलीम अलींना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात निसर्गविभाग समजावून सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे ते जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३० साली परतले, तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती. बेकारीच्या त्या दिवसांत ते समुद्राकाठच्या किहीम गावी पत्नी तहमिना हिच्यासह राहिले, आणि घराजवळ सुगरणींची वसाहत आढळली म्हणून पावसाळाभर तिच्यासमोर बसले. नर अर्धे घरटे विणतो; मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते; मग नर ते पुरे करतो व दुसरे विणावयास घेतो. हे सारे त्यांनी तेथे उलगडले, आणि त्या निबंधाने त्यांचे नाव झाले. सुगरणीची घरटी आपल्या शिंदीच्या झाडांवर आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यासाठी दूरच्या अभयारण्यात जावे लागत नाही; एका झाडापुढे पुष्कळ दिवस जावे लागते. आमच्या सहली नेमक्या ह्याच्या उलट असतात. पुष्कळ ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास.

आता ह्या पुस्तकातील उणिवांकडे वळले पाहिजे. पहिली उणीव रचनेची. पूर्वार्धात बालपण, ब्रह्मदेश, किहीम ह्यांची जिवंत चित्रे आहेत. उत्तरार्धात मोहिमांमागून मोहिमा येतात, आणि ठिकाणांच्या व तज्ज्ञांच्या नावांत सामान्य वाचक थकतो. दुसरी, बंदुकीविषयी. शास्त्रासाठी पक्षी मारणे त्या काळी रूढ होते व त्याविना अनेक गोष्टी कळल्या नसत्या, हे लेखकाचे म्हणणे मान्य करूनही त्याच्या स्वरातील निश्चिंतता आम्हांला टोचते. आज दुर्बीण आणि छायाचित्रण हाताशी असलेल्या मुलाला हे पुस्तक देताना वडीलधाऱ्यांनी जवळ बसून ही पाने वाचावीत. तिसरी गोष्ट, लेखकाला धर्मकर्माची ओढ नाही, आणि धार्मिकतेचे प्रदर्शन मांडणाऱ्यांविषयीची नापसंती तो लपवीत नाही. ह्याला आम्ही दोष म्हणणार नाही. आमच्यासारख्यांनी ते निमूटपणे वाचावे.

चौथी उणीव मात्र आमच्या विषयाच्या गाभ्याला भिडते. हे पुस्तक पाहण्याची विद्या शिकवते. राखण्याची विद्या त्यात त्या मानाने थोडी आहे. राखण्याचे काम एकटा तज्ज्ञ करू शकत नाही. ते गावाला करावे लागते. त्यासाठी आम्ही वाचकांना पुस्तकाबाहेर, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी नेऊ इच्छितो.

नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासात ठाऊक असलेल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. पूर्वी ती अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम हाती घेतले. रात्री व पहाटे किनाऱ्यावर गस्त घालावयाची, माग पाहून घरटे शोधावयाचे, अंडी काळजीपूर्वक काढून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरावयाची, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली, की ती समुद्रात सोडावयाची. २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, त्यांच्या घरचे जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जातात. टोपली उचलली, की कधी पिल्ले असतात, कधी नसतात.

ह्या ‘नसतात’ला फार महत्त्व आहे असे आम्हांला वाटते. पैसे भरून, रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलाला टोपलीखाली नुसती वाळू दिसते. त्या वेळी बरोबरचा मोठा माणूस जर कुरकुरला, तर ती सहल वाया गेली. त्याने मुलाला वाट पाहावयास शिकवले, गस्त घालणाऱ्याला दोन प्रश्न विचारावयास लावले, तर पिल्लू न दिसताही मूल काही घेऊन परतेल. शिवाय ज्या हातांनी पूर्वी अंडी उकरली जात, त्याच गावाचे हात आज ती राखतात, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. सलीम अलींच्या बाबतीत एका व्यक्तीच्या हातात जे परिवर्तन घडले, ते वेळासला एका गावात घडले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात पर्यावरणविषयक शिक्षणाचा विचार करताना नुसत्या माहितीने सवयी बदलत नाहीत हे दाखवून दिले, आणि निसर्गाच्या संदर्भातही मनपरिवर्तनाची गरज प्रतिपादिली. मनपरिवर्तन हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्याला हात असतात, हे वेळासला दिसते.

आमच्या वसईच्या वाचकांना हे नवे नाही. हरित वसईच्या चळवळीने पाणी आणि हिरवाई ह्यांसाठी लोक रस्त्यावर उतरलेले त्यांनी पाहिले आहेत, व त्या चळवळीचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले. परंतु मोर्चात घोषणा देणाऱ्या पिढीच्या नातवंडांना आपल्या बावखलात कोणते बगळे उतरतात हे सांगता येत नसेल, तर ती घोषणा फार दिवस टिकणार नाही. जे नावाने ठाऊक नाही, त्याच्यासाठी माणूस भांडत नाही. मराठीत ही नावे शिकविणारे लेखक आहेत. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ महिन्यामहिन्याला बाहेर पाहावयास लावते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ एका जागी राहून पाहणे म्हणजे काय ते दाखविते. आणि २०२५ साली दिवंगत झालेल्या मारुती चितमपल्लींनी तर वनखात्यात आयुष्य वेचून पक्ष्यांचा कोशच मराठीला दिला. सहलीच्या बसमध्ये ही पुस्तके असावीत.

धर्मग्रामांच्या चालकांना आमची विनंती थोडकी आहे. वर्षातून एक मोठी सहल काढण्याऐवजी गावातील एकच जागा धरावी. एखादे बावखल, एखादा वड, खाडीचा एखादा काठ. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी महिन्यातून एकदा तेथे जावे, दिसेल ते तारखेनिशी वहीत लिहावे, आणि प्रत्येक खेपेला त्या जागेचे एखादे काम करावे. प्लास्टिक काढावे, गाळ उपसण्यास हात लावावा, रोपाला पाणी घालावे. जाणकार माणूस मिळाला तर उत्तम. न मिळाला, तर ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे म्हणणारा एखादा मोठा माणूस तरी बरोबर असावाच. सलीम अलींच्या मामालाही नाव ठाऊक नव्हते. त्याने चिठ्ठी लिहिली.

आमच्या त्या मुलाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. पुढे पक्ष्यांची चित्रे चाळताना त्या निळ्या पाठीचा पत्ता आम्हांला लागला. तो माशीमार कुळातील पक्षी होता. काही वर्षांपूर्वी तो मुलगा, आता संसारी गृहस्थ, आखातातून सुट्टीवर आला असता मिस्सेनंतर भेटला. आम्ही मोठ्या उत्साहाने त्याला ते नाव सांगितले. तो गोंधळला. पक्षी त्याला आठवत नव्हता; आम्ही रागावलो होतो, तेवढे मात्र आठवत होते. शेजारी त्याची लहानगी उभी होती. “कुठला पक्षी, फादर?” असे तिने विचारले. आम्ही तिला बावखलावर घेऊन गेलो. त्या दिवशी तो पक्षी दिसला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा येऊ, असे आम्ही तिला सांगितले आणि गेलोही.